ऑरेंज म्हणजे संत्रा की मोसंबी?

प्रश्न – पोट्टीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ओ फॉर ऑरेंज आहे, चित्र पाहिलं तर सरळ मोसंबीवानी, घट्ट सालीचं, अन् खाली लिहिलं संत्रा. वरुडकडचं लेकरू आहे, घरामागं संत्र्याची बाग, ते म्हणते आई हा संत्रा नाहीच. मी समजावून थकली. ऑरेंज नेमकं कशाले म्हणा लागते?

उत्तर – ताई, पोट्टीचं बरोबर आहे, तिले रागावू नका. इंग्लंड-अमेरिकेत नुसतं ऑरेंज म्हटलं की लोकांले जे फळ आठवते ते स्वीट ऑरेंज, साल अशी घट्ट की चाकूच लावा लागते अन् फोडी एकमेकीले चिकटलेल्या, आणि आपली मोसंबी वनस्पतिशास्त्रात त्याच खानदानातली आहे. आपला नागपुरी संत्रा म्हणजे तिकडचा मँडरिन. देठाजवळ अंगठा घातला की साल ढिल्या सदऱ्यावानी उतरते, मधात पोकळ, फोडी आपोआप सुट्ट्या होतात. संशोधनाचे कागद पाहा, त्यात नागपूर मँडरिन असंच लिहिलेलं राहते.

पण म्हणून संत्र्याले ऑरेंज म्हणणं चूक आहे असं नाही न. आपल्या देशातल्या इंग्रजीत तो शब्द पक्का बसला आहे, नागपूरले ऑरेंज सिटी म्हणतात अन् 2014 मध्ये जीआय, म्हणजे अमुक भागाचा खास माल असं भौगोलिक मानांकन, मिळाला तोही नागपूर ऑरेंज याच नावानं, त्यामुळे परीक्षेत पोट्टीनं बिनधास्त ऑरेंज लिहावं. फक्त उद्या ती बाहेरदेशी गेली अन् दुकानात आपल्यासारखा संत्रा पाहिजे असला तर मँडरिन, सत्सुमा, क्लेमेंटाईन, टँजरिन असं काही तरी मागा लागन. यातली दोन नावं गावांमुलखांची आहेत, सत्सुमा हा जपानचा जुना प्रांत अन् टँजरिन मोरोक्कोतल्या टँजियर बंदरावरून. इंग्लंडच्या दुकानात तर या सगळ्याईले मिळून ईझी पीलर म्हणतात, सोलायले सोपं ते, मले हा शब्द लय आवडते, कारण आपल्या संत्र्याचा खरा गुण त्याच्यात आला आहे.

आणि मोसंबीले आपल्याकडे ज्यूसवाले, मेनूकार्डवाले स्वीट लाईम लिहितात, ते तिकडं कोणाले समजत नाही. लाईम म्हणजे त्यांच्यासाठी हिरवं आंबट लिंबू. मोसंबी समजावून सांगायची असन तर कमी आंबट स्वीट ऑरेंज असं सांगा.

प्रश्न – दादा, मग रंगाले ऑरेंज काहून म्हणतात? रंग आधी की फळ आधी?

उत्तर – फळ आधी. हे मस्त आहे, ऐका. आपला संस्कृत नारंग फारसीत गेला, तिथून अरबीत नारंज झाला, स्पॅनिशमध्ये आजही नारांखा म्हणतात, अन् इटली-फ्रान्सकडं जाता जाता सुरुवातीचं ‘न’ हे अक्षर गळून पडलं आणि तो बिना ‘न’चा शब्द इंग्रजीत गेला. रंगाचं नाव म्हणून तो इंग्रजीत रुळला सोळाव्या शतकात, त्याच्या आधी पिवळा-लाल असं जोडून म्हणत होते. तिकडचा रॉबिन पक्षी पाहा, छाती सरळसरळ नारिंगी आहे पण नाव रेडब्रेस्ट, म्हणजे लालछात्या, कारण ते नाव पडलं तेव्हा या रंगाले इंग्रजीत वेगळा शब्दच नव्हता. आपला नारिंगी पण फळावरूनच आला.

बाकी जगात याच फळाले अजून वेगळे रस्ते सापडले. तुर्की लोक पोर्ताकाल म्हणतात, अरबी-ग्रीकमध्ये पण तसंच काही, कारण गोड ऑरेंज त्यांच्याकडं पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे माहीत झालं. डच लोकांचा शब्द सिनासआपल, चीनचं सफरचंद. अन् चिनी लोक नव्या वर्षाले एकमेकांच्या घरी जाताना मँडरिनची जोडी नेतात, सिंगापूर-मलेशियात तर हमखास, कारण कँटोनीजमध्ये त्या फळाचं नाव अन् सोनं याचा उच्चार सारखा आहे. इंग्लंडात नाताळाले लेकरांच्या भेटी ठेवायच्या मोज्यात, पार टोकाले, एक टँजरिन किंवा सत्सुमा ठेवतात.

पोट्टीले संत्रा हातात देऊनच हे शब्द शिकवा, चित्रावरून नको. पूर्ण साल ती पील, किसलेली वरची नारिंगी साल ती झेस्ट, आतला पांढरा कडवट भाग पिथ, फोड म्हणजे सेगमेंट, बी ले इंग्लंडात पिप म्हणतात अन् अमेरिकेत सीड. आणि नेव्हल ऑरेंज असं कुठं वाचलं तर त्याचा नौदलाशी संबंध नाही, नेव्हल म्हणजे बेंबी, त्या फळाच्या बुडाले बेंबीसारखं असते आणि आत अजून एक इवलंसं फळ राहते.