हिवाळ्यातलं रान: पाठीवर काय नेलंत, काय विसरलात?

डिसेंबर लागला की आमच्या घोळक्यात कुणीतरी 'यंदा खंय?' असं विचारतोच. गोवा म्हटल्यावर जगाला दर्या दिसतो. सत्तरी-सांग्यातला सह्याद्री कुणाच्या गणतीत नाही, आणि सोंसोगडाचं शिखर अकराशे मीटरांच्या वर आहे म्हटलं तर खुद्द पणजीतली माणसं हसतात. मित्रांबरोबर हिवाळ्यात दोन-चार दिवस रानात चालला असाल तर इथे लिहा. धबधब्यांची वर्णनं नकोत, ती सगळ्यांनी वाचलीत. पिशवीत काय नेलं, काय विसरलं आणि त्यापायी काय झालं, ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. सुर्लाच्या पठारावर थंडी असते म्हणून घरून दोन गोधड्या नेल्या. रात्री बऱ्यापैकी गारवा होता, पण दिवसा अकराच्या उन्हात त्याच गोधड्या पाठीवर घेऊन चाललो. मित्र अजून मला 'गोधडीवाला' म्हणतात.

फोंड्याहून

आम्ही पाचजण, नेत्रावळीहून वेर्ले, तुडव करत साळजिणीपर्यंत. वन खात्याची परवानगी काढली होती, वाटाड्या गावातलाच. नेत्रावळीत गोपीनाथाच्या देवळाजवळच्या बुडबुड्यांच्या तळीवर टाळ्या वाजवण्यात तासभर गेला. बुडबुडे टाळीमुळे वाढतात की आपण तेव्हाच निरखून बघतो, यावर दोघांत वाद झाला तो थेट वेर्ल्यापर्यंत पुरला.

दुसऱ्या दिवशी एकाच्या बुटाचा तळवा सुटला. बूट जवळपास नवाच, दोनदा घातलेला, पण चार पावसाळे कपाटात पडून. गोव्याच्या दमट हवेत त्याचा डिंक केव्हाच मेला होता. वाटाड्याने कमरेचं सुंभ सोडलं आणि तळवा असा काही आवळला की तो बूट साळजिणीपर्यंत गेला. तासाभराने दुसऱ्याही बुटाने तोंड उघडलं! सुंभ संपलं होतं, मग माझ्या तंबूची दोरी गेली.

पाण्याचंही चुकलं. व्हाळ लागेल म्हणून बाटल्या अर्ध्याच भरल्या. पावसात माणूस वाहून नेईल असा तो व्हाळ, जानेवारी सरता सरता नुसते धोंडे. कोंडीत उरलेल्या पाण्यावर पानं कुजत होती. एकजण रडकुंडीला आला आणि मी त्याच्यावर ओरडलो, याची अजून लाज वाटते. वाटाड्याने मगरीच्या पाठीसारख्या सालीचं एक ऐनाचं झाड दाखवलं, म्हणाला, याच्या पोटात पाणी असतं. सगळ्यांचे डोळे कोयत्याकडे गेले. 'ना. मरतलो कोण ना, गाव अर्ध्या तासार आसा,' म्हणून तो पुढे चालू लागला. गाव सव्वा तासावर होतं. पहिल्याच घरात गूळ आणि पाणी मिळालं, मागून पेज. उकड्या तांदळाची, सोबत खाराची फोड. तीन वाट्या.

वाळपईहून

गोचिडीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे, तो गोचीड चावल्याने होतो, आणि त्याचा हंगाम नेमका तुमच्या भटकंतीचाच, डिसेंबर ते मे. पालापाचोळ्यावर बूड टेकून जेवायची हौस सोडा. पूर्ण बाह्या, विजारीची टोकं मोज्यात, रात्री एकमेकांच्या माना आणि कानांमागे बॅटरीने बघणं. मेलेलं माकड दिसलं तर फोटोला जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. आमच्यात हे तपासणं लाजेचं होतं, एकाला महिनाभर ताप काढावा लागल्यावर ती लाज गेली.

म्हापशाहून

गोव्याबाहेरचं चालेल ना? आम्ही चौघी मैत्रिणी जानेवारीत उत्तराखंडात केदारकंठ्याला गेलो. साधारण ३८०० मीटर. थंडीसाठी आमच्याकडे काय, तर मांडवीवरून स्कूटरने जाताना घालायचा स्वेटर! बाकी सगळं पायथ्याच्या सांकरी गावात भाड्याने घेतलं. आईने आग्रहाने दिलेली खोबरेल तेलाची बाटली पहिल्याच रात्री दगड झाली, ती काखेत धरून वितळवायचा प्रयत्न हा आमचा करमणुकीचा कार्यक्रम. वाटाड्याने पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवायला लावल्या: बर्फ वरून धरतो, म्हणजे सकाळी बाटली सरळ केली की तोंड मोकळं. शिखरावर एकीने पिशवीतून सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, काढली. बर्फात बसून सुंगटं खाल्लेल्या बायका आम्हीच असू.

कुळ्याहून

दूधसागरला रुळांवरून जाऊ नका. रेल्वेची बंदी आहे आणि बोगद्यात गाडी आली की अंग चोरायला जागा शोधावी लागते. मी शोधली आहे. बाकी काही सांगत नाही.

काणकोणहून

खोतीगावच्या बाजूला, पौषातली रात्र. दोन मित्रांचं चुलीवरून भांडण झालेलं, सगळे गप्प. तेवढ्यात खालच्या वाड्यावरून धालोचं, म्हणजे बायकांच्या लोकनाचाचं, गाणं यायला लागलं, मांडावर, म्हणजे खेळाच्या अंगणात, बायका खेळत होत्या. भांडणाऱ्यांपैकी एकाची आई धालो खेळणारी. तो आधी ओठांतल्या ओठांत, मग मोठ्याने गाऊ लागला, अर्धे शब्द चुकीचे. दुसरा म्हणाला, 'आरे, तशें न्हय तें,' आणि त्याने ओळ दुरुस्त केली. चूल कुणी पेटवली ते आठवत नाही. चहा मात्र धुरकट झाला होता.