कुंपणावरून सुटलेला खटला आणि ‘व्यक्ती’ झालेली रेल्वे कंपनी

धागाकर्ता: सांता क्लारा काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) विरुद्ध सदर्न पॅसिफिक ही रेल्वे कंपनी, अमेरिकन सुप्रीम कोर्ट, १८८६. कॅलिफोर्नियाच्या १८७९च्या राज्यघटनेप्रमाणे सामान्य माणसाच्या जमिनीवर कर्ज असेल तर तेवढी रक्कम वजा करून टॅक्स लागायचा, रेल्वेला मात्र ही वजावट नाही. कंपनीने टॅक्स अडवला, म्हणे चौदावी घटनादुरुस्ती प्रत्येक ‘व्यक्ती’ला समान संरक्षण देते आणि आम्हीही व्यक्तीच. अहो, ती दुरुस्ती १८६८ची, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी आणलेली! त्यांच्या तोंडचा घास रेल्वेवाल्यांनी पळवला, सरळ सांगतो.

प्रतिसाद १: नाही पटलं. शेतकऱ्याची जमीन गहाण असली की तेवढा टॅक्स सावकारावर जायचा, आणि त्याच बांधाला लागून गेलेले रूळ गहाण असले तरी सगळा बोजा रेल्वेवर, हा दुजाभाव नाही तर काय? कंपनी म्हणजे शेवटी पैसे गुंतवलेली माणसंच ना. रेल्वे श्रीमंत आहे म्हणून तिला वेगळा कायदा लावायचा हे मला तरी चुकीचंच वाटतं.

प्रतिसाद २: दोघांनीही निकाल नीट वाचा राव. निकाल लिहिणाऱ्या जस्टिस हार्लन यांनी घटनेच्या प्रश्नाला हातच लावला नाही, खटला सुटला तो रुळांकडेच्या कुंपणांवर. टॅक्ससाठी त्या कुंपणांची किंमत काउंटीने धरायची होती, ती राज्याच्या टॅक्स बोर्डाने धरली, आणि सगळ्याचा एकच आकडा असल्याने कुंपणांची रक्कम बाजूला काढता येईना, म्हणून अख्खी आकारणीच रद्द. चौदाव्या दुरुस्तीतल्या ‘व्यक्ती’त कंपन्याही येतात, हे वाक्य सरन्यायाधीश वेट युक्तिवादाआधी तोंडी बोलले होते, ते निकालाच्या वर सारांशात छापलं कोर्टाचे निकाल छापणारे अधिकारी (रिपोर्टर) बॅन्क्रॉफ्ट डेव्हिस यांनी, जे स्वतः पूर्वी एका रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते!

प्रतिसाद १: डेव्हिसनी ते मनाने नाही घातलं. त्यांनी वेटना पत्र लिहून विचारलं होतं, आणि आम्हा सगळ्यांचं तेच मत आहे असं वेट कोर्टातच बोलले होते.

धागाकर्ता: पण त्याच पत्राला वेट यांचं उत्तर काय, तर घटनात्मक प्रश्न आम्ही टाळलाय, छापायचं की नाही तुम्ही ठरवा. म्हणजे ना युक्तिवाद ऐकला ना कारणं लिहिली, आणि पुढच्या कोर्टांनी १८८९पासून हाच खटला दाखला म्हणून वापरला. १९३८मध्ये जस्टिस ब्लॅक यांनी विरोधी मतात हिशोबच मांडला, की पहिल्या ५० वर्षांत ही दुरुस्ती लागू केलेल्या खटल्यांपैकी काळ्या लोकांच्या संरक्षणासाठीचे अर्ध्या टक्क्याहून कमी, कंपन्यांसाठीचे ५० टक्क्यांहून जास्त. आता सांगा, घास कुणाचा पळवला?