सिकलसेल, रोजची कॅप्सूल आणि सोळा वर्षांच्या मुलाची उमेद

प्रश्न (शहादा तालुका, जि. नंदुरबार)

नमस्कार. माझा मुलगा सोळा वर्षांचा असून तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेला, रुग्ण आहे. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल आणि फॉलिक ॲसिडची गोळी त्याला रोज घ्यावी लागते. लहान असेपर्यंत हातावर ठेवलेली गोळी तो निमूटपणे घेत असे, आता मात्र "हा आजार बरा होणारच नसेल, तर रोज गिळायचे कशासाठी?" असे विचारतो. पोळ्यानंतर दप्तर झटकताना त्यात रुमालाला गाठ मारून ठेवलेल्या कॅप्सूल सापडल्या. मी त्याला रागावले नाही, कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. बरेच दिवस मोठा क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनेचा झटका, आलेला नसल्याने औषधावाचूनही भागते, असा त्याचा समज झाला आहे. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांनी मुलाची उमेद कशी टिकवली, हे कृपया सांगावे.

उत्तर (धुळे)

ताई, मी मूळचा अक्राणी महालातला, आता धुळ्यात शिक्षक आहे आणि स्वतः एसएस रुग्ण आहे. आपल्या मुलाचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला "घे, नाहीतर आजारी पडशील" एवढेच उत्तर देऊ नये. औषध शरीरात काय करते, ते त्याला समजावून सांगावे. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, आपली मात्र 10 ते 20 दिवसांतच फुटते. शिवाय ती विळ्यासारखी वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि तिथूनच त्या जीवघेण्या वेदना सुरू होतात. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते, त्याचे प्रमाण हायड्रॉक्सियुरियामुळे पुन्हा वाढते आणि पेशी वाकण्याचे प्रमाण घटते. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, हे औषध घेणाऱ्या प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. हा परिणाम दिसायला काही महिने लागतात आणि औषध सोडले की तो ओसरतो. क्रायसिस न येण्यात त्या कॅप्सूलचाही वाटा असू शकतो, हे एकदा ध्यानात आले की न आलेल्या दुखण्याकडेही कमाई म्हणून पाहता येते. माझी उमेद तरी त्यावरच टिकून आहे.

कॅप्सूल किती दिवस चुकल्या, हे मात्र डॉक्टरांना जरूर सांगावे. मधल्या काळातल्या राहिलेल्या कॅप्सूल एकदम देऊ नयेत. या औषधावर असताना रक्तातील पेशींची तपासणी ठरलेल्या वेळी व्हावीच लागते.

उत्तर (चोपडा, जि. जळगाव)

मी निवृत्त आरोग्य सेविका आहे. ताई, सोळाव्या वर्षी मुलगा गोळीबद्दल विचारतो तेव्हा बहुधा त्याच्या मनात पुढच्या आयुष्याचा घोर असतो: नोकरी मिळेल का, लग्न होईल का. पाड्यांवर काम करताना मुलांच्या तोंडून हाच प्रश्न आडवळणाने मी अनेकदा ऐकला आहे. त्यामुळे लग्नाविषयी आजच मोकळेपणाने बोलावे. एसएस रुग्णाचा जोडीदार तपासणीत सामान्य, म्हणजे एए निघाला, तर त्यांची सगळी अपत्ये वाहक होतील, म्हणजे एक सदोष जनुक त्यांच्यात असेल, पण कोणालाही हा आजार होणार नाही. जोडीदार वाहक असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. पत्रिकेआधी रक्ताचा अहवाल पाहावा, असे मी घरोघरी सांगत आले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे, त्यामुळे प्रमाणपत्राबाबत जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

उत्तर (जळगाव)

माझ्या मुलीला हाच आजार आहे. "बरा होणारच नाही" हे वाक्य आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही, हेही त्याला कळू द्यावे. सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा (हाडांतील मगज) जुळल्यास तिच्या प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, आणि 2023 मध्ये ब्रिटन व अमेरिकेत यावरील जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. त्यांचा खर्च आपल्या आवाक्याबाहेर आहे, प्रत्यारोपणातही जोखीम असते. म्हणून त्यावर सारी भिस्त ठेवू नये. तरीही तो दिवस आपल्याकडे उजाडेल तेव्हा मूत्रपिंड, फुप्फुसे आणि सांधे शाबूत असलेल्या रुग्णाला त्याचा लाभ घेणे सोपे जाईल, हे मी मुलीला सांगतो आणि तिला ते पटते.

प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी मनापासून लिहिलेत, आभारी आहे. धुळ्याच्या भाऊंचे उत्तर मी त्यालाच वाचायला दिले. त्याने ते दोनदा वाचले आणि "रक्त तपासायला कधी जायचे?" एवढेच विचारले. त्याला दत्तजयंतीला मित्रांबरोबर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचे आहे. पाठवावे का?

उत्तर (धुळे)

डॉक्टरांची ना नसेल, तर अवश्य पाठवावे. तापीकाठची थंडी बोचरी असते आणि गारठ्याने क्रायसिस येऊ शकतो, म्हणून स्वेटर, कानटोपी आणि पाण्याची बाटली जवळ असू द्यावी. अंधार पडण्याआधी परतावे. ताप आला किंवा छातीत दुखू लागले, तर घरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, हे त्याच्या एका मित्रालाही सांगून ठेवावे. कॅप्सूलची वेळ कोणती ठेवायची, ते आता त्यालाच ठरवू द्या.