हॅक नव्हतं ते
४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॅप बंद पडलं ते हॅक झालं म्हणून, असं काहीजण म्हणतात, तसं अजिबात नाही. मेंटेनन्समधल्या एका कमांडने त्यांची डेटा सेंटर्स जोडणारं नेटवर्कच तुटलं, ती कमांड अडवणाऱ्या टूलमध्येही बग होता, मग डेटा सेंटर लागत नाही म्हटल्यावर डीएनएस सर्व्हरांनी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रांनी, आपला रस्ता इंटरनेटला सांगणं आपोआप थांबवलं. म्हणजे बंदर शाबूत पण दीपस्तंभ विझलेला, होडी लागणार कुठे? इंजिनियरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरच्या आत जाऊन दुरुस्ती करावी लागली, सहाएक तास गेले त्यात.

आमच्याकडे हर्णैला रात्रीचे नऊ वाजून गेलेले, बोटवाल्यांचा ग्रुप एकदम गप्प, मी दोनदा राऊटर बंद-चालू केला, शेवटी साधा फोन लावला तर लगेच लागला. तेव्हापासून सगळ्या तांडेलांचे (बोट चालवणाऱ्या प्रमुखांचे) नंबर वहीत लिहून ठेवलेत.