एलपीवरून फाइली करताना गाण्यांची नावं कुठल्या टप्प्यावर भरावीत?

दोनबाजू:
एलपी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करतोय, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. प्रत्येक बाजूचा वेगळा प्रोजेक्ट. गाणी सुटी करून वेव्ह फाइली केल्या आणि फाइलींना नीट नावं दिली, तरी प्लेअरमध्ये शीर्षक रिकामं आणि गायकाच्या जागी ‘अननोन’. त्याच्याच एमपी३ केल्या तर गाडीतल्या प्लेअरवर देवनागरी नावांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग. शिवाय अ बाजूचं पहिलं गाणं संपलं की ब बाजूचं पहिलं सुरू होतं. सीडी टाकली की नावं आपोआप येतात, तसं काही इथे जमतं का? की सगळं हातानेच टाइप करायचं?

खरखर:
हातानेच, पण एकदाच. सीडीवर गाण्यांच्या सुरुवातीच्या जागांचा तक्ता असतो, त्यावरून प्रोग्रॅम ऑनलाइन यादीत सीडी हुडकतो. एलपीवर असा तक्ता नाही.

फाइलीचं नाव आणि टॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लेअर टॅग वाचतो, म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेली शीर्षक, गायक वगैरे माहिती. वेव्हमध्ये टॅग भरता येतात, पण बरेच प्लेअर ते वाचतच नाहीत आणि अक्षरं कुठल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे कुठल्या सांकेतिक पद्धतीने, लिहायची यावर एकमत नाही. म्हणून मूळ प्रत फ्लॅक या फाइल प्रकारात ठेवा. आवाज तोच, जागा कमी, टॅग यूटीएफ-८ या देवनागरी चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये.

नावं गाणी कापण्याआधीच भरायची, म्हणजे लेबल ट्रॅकमध्ये, खुणा आणि त्यांची नावं लिहायच्या वेगळ्या पट्टीत. गाणं सुरू होतं तिथे कर्सर ठेवून कंट्रोल-बी दाबा, नाव टाइप करा, एंटर. वाजत असतानाच खूण करायची तर कंट्रोल-एम. मग एक्सपोर्ट करताना ‘मल्टिपल फाइल्स’ आणि ‘लेबलनुसार’ निवडा. जुन्या आवृत्त्यांत ‘एक्सपोर्ट मल्टिपल’ असा वेगळा मेनू आहे. लेबलचा मजकूरच फाइलीचं नाव होतो आणि शीर्षकाचा टॅगही, ट्रॅक क्रमांकही आपोआप पडतो.

तुमची ब बाजू मध्येच घुसते ती याच क्रमांकामुळे. वेगळा प्रोजेक्ट म्हटलं की मोजणी पुन्हा १ पासून. ब बाजूचं रेकॉर्डिंग अ बाजूच्या शेवटी, त्याच ट्रॅकवर चिकटवा आणि एकदाच एक्सपोर्ट करा, ७ नंतर ८ येईल. काही जण क्रमांकात ‘बी१’ लिहितात. नका लिहू, तिथे आकडाच अपेक्षित असतो. बाजू नोंदवायचीच असेल तर कॉमेंटमध्ये. डिस्क क्रमांक दोन तबकड्यांच्या संचासाठी राखून ठेवा.

गायक, अल्बम, वर्ष हे सगळ्या गाण्यांना सारखं असतं, ते मेटाडेटा एडिटरमध्ये एकदा भरा. शीर्षक आणि क्रमांक रिकामे सोडा. तिथलं ‘सेट डिफॉल्ट’ बटण मात्र दाबू नका, पुढच्या एलपीला मागच्या गायकाचं नाव चिकटतं आणि महिन्याभराने लक्षात येतं.

शेवटचीखाच:
वर भर घालतो ती क्रमाबद्दल. खरखर काढणं, वेग दुरुस्त करणं, नको तो भाग कापणं आधी, लेबलं सगळ्यात शेवटी. सिंक-लॉक (आवाजाबरोबर लेबलंही सरकवणारी सोय) बंद असताना लेबलं लावून मग वेग बदललात तर आवाज आखडतो, लेबलं जागची हलत नाहीत. २० मिनिटांच्या बाजूवर १ टक्का म्हणजे शेवटाकडे १२ सेकंदांची चूक.

‘लेबल साउंड्स’ वापरून गाणी आपोआप शोधता येतात, पण मर्यादा, म्हणजे जिच्याखालचा आवाज शांतता धरला जातो ती पातळी, एलपीच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा वर हवी. दोन गाण्यांमधली नुसती खाच निवडून तिची पातळी बघा आणि मर्यादा त्याहून ५-६ डेसिबल वर ठेवा. खाली ठेवलीत तर प्रोग्रॅमला शांतता सापडतच नाही आणि अख्खी बाजू एकच गाणं ठरते. फार वर ठेवलीत तर हळू आलाप शांततेत जमा. लेबलं पट्ट्यांची न घेता बिंदूंची घ्या. पट्टी असेल तर पट्टीबाहेरचा आवाज एक्सपोर्टमध्ये गळतो, बिंदू असेल तर पुढच्या बिंदूपर्यंत सगळं येतं. अर्थात ब बाजूच्या शेवटचं गाणंही मग थेट शेवटापर्यंत जातं, म्हणून सुई आतल्या खाचेत फिरत असतानाचा आवाज आधीच कापा. अ बाजूचाही, नाहीतर तो ब चिकटवलेल्या जागी राहतो.

आणखी एक बारकावा. गाणं सुरू व्हायच्या आधी तेच गाणं अगदी क्षीण ऐकू येतं, शेजारच्या खाचेतून झिरपलेलं. एलपीवर ते बरोबर एक फेरी म्हणजे १.८ सेकंद आधी येतं, ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर १.३३ सेकंद. खूण या प्रतिध्वनीनंतर केलीत तर आधीच्या गाण्याच्या शेपटाला पुढच्याची कुजबुज लागते. मागचं गाणं तोवर पूर्ण विरलेलं असेल तर खूण २ सेकंद आधी करा.

दोनबाजू:
लेबलचा भाग जमला, आभार. नावं कव्हरवरून आधीच एका टेक्स्ट फाइलीत उतरवून ठेवली आहेत, ती लेबलमध्ये ओतता येतील का? प्रश्नचिन्हांचं काय? आणि पिकार्ड हा टॅग भरणारा प्रोग्रॅम आवाजावरून गाणं ओळखतो म्हणतात, ते?

अनुस्वार:
ओतता येतील. ऑडॅसिटी साध्या टेक्स्टची लेबलं आयात करतं: एका ओळीत सुरुवातीची वेळ सेकंदांत, टॅब, शेवटची वेळ, टॅब, नाव. बिंदूसाठी दोन्ही वेळा सारख्याच. उलटा मार्ग जास्त सोपा: आधी नुसत्या खुणा करा, लेबलं निर्यात करा, त्या फाइलीत नावं भरून परत आणा. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि टॅबच्या जागी स्पेस पडू देऊ नका. वेळेचे आकडे इंग्रजीच हवेत, मराठी कीबोर्ड चालू राहिला की ती ओळ बाद. ट्रॅक क्रमांकाचंही तेच.

प्रश्नचिन्हं आयडी३ च्या, म्हणजे एमपी३मधल्या टॅगच्या पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीमुळे असावीत. तिच्यात शीर्षकाला जेमतेम ३० बाइट असतात आणि लिपी रोमन गृहीत धरलेली. एमपी३टॅग या टॅग बदलायच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये आयडी३व्ही१ लिहिणं बंद करून तो काढूनच टाका, व्ही२.३ यूटीएफ-१६ सकट ठेवा. व्ही२.४ मध्ये यूटीएफ-८ चालतं, पण जुने प्लेअर तिथे अडखळतात. एवढं करूनही गाडीत चौकोन दिसले तर तिथे देवनागरी फाँटच नाही, टॅगचा दोष नाही.

टाइप करताना ‘ऱ्य’ सांभाळा. ‘वाऱ्यावर’ हा शब्द टिंबाच्या ऱ ला हलन्त लावूनही होतो आणि साध्या र ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावूनही. पडद्यावर अगदी सारखा दिसतो, शोधताना मात्र दोन वेगळे शब्द. एक पद्धत धरा आणि सगळ्या फाइलींत तीच ठेवा. लेबलात तिरकी रेघ किंवा प्रश्नचिन्ह असेल तर फाइलीच्या नावात ते चालत नाही, ऑडॅसिटी बदलायला सांगतं. फाइलीत बदला, टॅगमध्ये मूळ नाव नंतर परत घाला.

पिकार्ड ओळखतो, पण अनेकदा तेच गाणं एखाद्या संकलनाच्या सीडीवर सापडतं आणि अल्बमचं नाव, वर्ष, क्रमांक सगळं तिकडचं भरलं जातं. टर्नटेबल थोडं जलद किंवा मंद असेल तर ओळखही पटत नाही. तबकडीच्या कागदी लेबलावरचा कॅटलॉग क्रमांक घेऊन डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या ऑनलाइन यादीवर शोधा, तिथे तुमचीच आवृत्ती मिळण्याची शक्यता जास्त.

खरखर:
कव्हर आणि कागदी लेबल यांत गाण्यांचा क्रम वेगळा दिसला तर दोन्हींवर विसंबू नका, प्रत्येक लेबलपाशी पाच सेकंद ऐका. आणि बाजूंच्या अखंड फाइली, लेबलांच्या टेक्स्टसकट, पुसू नका. खूण चुकली तर परत सुई टेकवायला नको.