मैत्रिणीला लिब्रेऑफिस कसे सुचवावे?

प्रश्न: माझी मैत्रीण घरी शिकवणी घेते आणि प्रश्नपत्रिकांसाठी वापरत असलेल्या ऑफिस पॅकेजची वार्षिक वर्गणी तिला जड जाते. आग्रह न वाटता तिला लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस पॅकेजची ओळख कशी करून द्यावी?

प्रतिसाद १: विंडोज सोडण्याचा विषय काढूच नये. २०१० मध्ये ओपनऑफिस या आधीच्या मोफत पॅकेजपासून वेगळे झालेले लिब्रेऑफिस विंडोजवरही चालते आणि तिच्या सध्याच्या पॅकेजशेजारी बसवता येते; म्हणून तिचीच एखादी प्रश्नपत्रिका दोन्हींत उघडून तुलना तिला करू द्यावी. मुक्त सॉफ्टवेअरचे (सर्वांना वापरता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरचे) तत्त्वज्ञान तिने विचारल्यास सांगावे.

प्रतिसाद २: वर्डच्या फाइलमधील तक्ते आणि मांडणी कधीकधी सरकते, हे आधीच सांगणे मला अत्यावश्यक वाटते. छपाईला पीडीएफच द्यावी.

प्रतिसाद ३: मेनू मराठीतही निवडता येतात, हेही दाखवा.