पहिलीच आंतरराष्ट्रीय ओपन, अनरेटेड, वय 43: तयारी नेमकी कशाची करू?

उशिराचं_प्यादं:
नमस्कार मंडळी. लहानपणी बुद्धिबळ खेळायचो, मग पंचवीस वर्षं पटाला हात लावला नाही. गेली तीन वर्षं ऑनलाइन खेळतोय, बहुतेक 10 मिनिटांचे डाव, तेही रात्री सगळे झोपल्यावर. मागच्या महिन्यात कसला तरी झटका आला आणि एका आंतरराष्ट्रीय ओपनला नाव देऊन बसलो. 9 फेऱ्या, 90 मिनिटं आणि प्रत्येक चालीला 30 सेकंद. फिडेचा (जागतिक बुद्धिबळ महासंघाचा) आयडी राष्ट्रीय संघटनेकडून मिळाला, पैसे भरले, आता माघार नाही.

सहा आठवडे हातात आहेत. ओपनिंगची दोन जाडजूड पुस्तकं आणलीत आणि सिसिलियनचे फाटे पाठ करतोय. बाराव्या चालीपर्यंत सगळं लक्षात राहतं, तेराव्याला कोरा. प्रश्न असे:

पांढऱ्याने आणि काळ्याने किती ओपनिंग्ज तयार ठेवायच्या? रेटिंगप्रमाणे (खेळाडूच्या ताकदीचा फिडेचा आकडा) लावलेली सहभागींची यादी पाहिली तर 180 जणांत माझा नंबर 163. पहिल्या फेरीत कोण पदरात पडणार? आणि खरं सांगायचं तर नऊच्या नऊ हरलो तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही. कुणी या वयात पहिल्यांदा खेळलंय का?

चिवट_राजा:
पुस्तकं कपाटात ठेवा. राजा-प्यादं आणि हत्तीचे एंडगेम करा. बाकी सगळं नंतर.

अडीचघर:
मी खेळलेय. 39 व्या वर्षी, अनरेटेड, ऑनलाइनवरूनच आलेली, म्हणजे जवळपास तुमचीच कुंडली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चिवट_राजा म्हणतात ते बरोबर आहे, पण माझे पहिले चार डाव एंडगेमपर्यंत पोचलेच नव्हते. आणि ते ओपनिंगमुळेही गेले नाहीत. गेले ते हातामुळे आणि बुडामुळे. सांगते.

पहिल्या फेरीत तेविसाव्या चालीला मी घड्याळाकडे पाहिलं तर माझ्याकडे 93 मिनिटं होती. सुरुवातीला 90 होती! तेवीस चालींचे साडेअकरा मिनिटं वाढले आणि त्यातली मी साडेआठच वापरली. मला वाटलं, काय झकास चाललंय. समोरच्याची 41 राहिली होती. चोविसाव्या चालीला माझा उंट अडकला, तिसाव्याला मी राजीनामा दिला आणि हॉलमधून बाहेर आले तेव्हा इतर सगळे अजून आत खेळत होते. रिकाम्या व्हरांड्यात तीन तास बसले. रात्री झोपेआधी दहा मिनिटांचे डाव खेळून खेळून हाताला सवयच लागलेली असते: समोरचा खेळला की आपण खेळायचं. ती सवय मोडायला सहा आठवडेही कमीच, पण आजपासून लागा. एवढंच करा, आठवड्यातून दोन डाव पूर्ण वेळाचे खेळा, खऱ्या पटावर, खऱ्या घड्याळावर, कागदावर चाली लिहीत. जोडीदार मिळत नसेल तर ऑनलाइन लांब डाव लावा, पण समोर पट मांडून त्यावर विचार करा आणि स्क्रीनवर फक्त चाल टाका.

पटाचं एवढं का सांगतेय? स्क्रीनवर आपण वरून पाहतो, पटावर तिरकं. मला पहिले दोन दिवस लांबवरून येणारे उंट दिसायचेच नाहीत. a8 च्या कोपऱ्यातला उंट माझ्या g2 कडे बघतोय हे मला समोरच्याने प्यादं मारल्यावर कळलं. आणि आणखी एका गोष्टीचा तुम्हाला वेगळा त्रास होईल: स्क्रीनवर नियमबाह्य चाल टाकताच येत नाही. प्रोग्रॅम परवानगीच देत नाही. पटावर कुणी अडवत नाही.

दुसऱ्या फेरीत मी किल्लेकोट केला दोन्ही हातांनी. डाव्या हाताने राजा, उजव्याने हत्ती, एकदम, छान, नाटकातल्यासारखं. आणि घड्याळ दाबलं. समोर एक काका, चष्मा कपाळावर. त्यांनी शांतपणे घड्याळ थांबवून हात वर केला. पंच आले, काकांच्या घड्याळात 2 मिनिटं वाढवली आणि मला अगदी मऊ आवाजात सांगितलं की एकाच हाताने, आधी राजा. माझे कान पुढच्या दहा चाली तापलेले होते. 2 मिनिटांचं काही नव्हतं हो, पण डोकं पटावरून उठलं ते उठलंच.

आता पेअरिंग. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला यादी मधोमध कापतात आणि वरचा अर्धा भाग खालच्याशी क्रमाने लावतात. 180 जण पूर्ण हजर राहिले तर 1 विरुद्ध 91, 2 विरुद्ध 92. तुम्ही 163, म्हणजे तुमच्यासमोर 73. ऐन वेळी नावं गळतात, त्यामुळे थोडं सरकेल. हरलात की शून्यवाल्या गटात, तिथेही तुम्ही तळाला, म्हणजे पुन्हा वरचाच कुणीतरी. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून आपल्या वजनाची माणसं भेटू लागतात. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांवरून स्वतःचं मोजमाप करू नका. मी तेच केलं आणि तिसरा डाव, जो जिंकायचा होता, तो रडवेल्या चेहऱ्याने हरले.

एक फायदा मात्र तुमच्याकडे आहे, जो परत कधी मिळणार नाही. पेअरिंग लागलं की रेटेड खेळाडू डेटाबेस उघडून समोरच्याचे जुने डाव बघतात. तुमचा एकही डाव कुठे नाही. त्यामुळे ओपनिंग एकच ठेवा पांढऱ्याने, आणि काळ्याने समोरच्याच्या e4 या पहिल्या चालीला एक, d4 ला एक. सिसिलियनच्या तेराव्या चालीपर्यंत तुम्हाला कुणी जाऊच देणार नाही. माझ्याशी पाचव्या चालीलाच सगळे पुस्तकाबाहेर जायचे.

उशिराचं_प्यादं:
93 मिनिटं वाचून हसलो आणि मग माझे जुने डाव उघडून पाहिले. हसू गेलं.

लिहिण्याबद्दल विचारायचंय. मी मोहऱ्यांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहायला अजून गोंधळतो. घोड्याला K लिहून ठेवतो, मग तो राजा होतो. आणि समोरच्याशी बोलायचं कोणत्या भाषेत?

पंचनामा:
मी पंच म्हणून काम करतो. वरच्या ताईंचे कान तापवणारे आम्हीच.

आधी लिहिण्याचं. नियमाप्रमाणे खेळाडू आपल्या भाषेतल्या नावाचं आद्याक्षर वापरू शकतो. जर्मन खेळाडू घोड्याला S लिहितो, फ्रेंच C लिहितो. फ्रेंचांचा उंट F (fou) असतो, आणि त्या शब्दाचा एक अर्थ वेडा. नवखे लोक समोरच्याचा कागद पाहून म्हणतात, यानं चुकीचं लिहिलंय. नाही, त्याच्या भाषेत बरोबर आहे. त्या हिशोबाने तुम्ही घो, उं, ह, व लिहिलंत तर मी तरी अडवणार नाही, पण वाद झाला तर तुमचा कागद मला वाचता यायला हवा आणि माझ्या जागी दुसरा पंचही असू शकतो. N, B, R, Q पाठ करा, दोन दिवसांचं काम आहे.

चाल आधी खेळायची, मग लिहायची. जुन्या लोकांना आधी लिहून मग खेळायची सवय असते, ती आता चालत नाही. आणि प्रत्येक चालीला 30 सेकंद मिळत असतील तर शेवटपर्यंत लिहावंच लागतं, घड्याळात वीस सेकंद उरले तरी. ऑनलाइनवाल्यांची खरी तारांबळ इथे उडते.

नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबलं तर पहिल्या वेळी समोरच्याला 2 मिनिटं, दुसऱ्या वेळी डाव गेला. (समोरच्याकडे मात करण्याइतकं बळच उरलं नसेल तर बरोबरी.) प्यादं आठव्या घरात गेलं आणि वजीर जवळ नसेल तर घड्याळ थांबवा आणि मला बोलवा. हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणू नका, आमच्या लेखी तो हत्तीच. 2017 साली कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेचा निर्णायक डाव नेमका याच घोळात अडकला होता, आणि खेळणारे काही नवखे नव्हते.

मोहरा नीट करायचा असेल तर आधी तसं बोला, मग बोट लावा. किल्लेकोटाला हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूला किल्लेकोट नाही, हत्तीच हलवायचा.

फोन. तुमच्या स्पर्धेचं पत्रक काय म्हणतं ते बघा: काही ठिकाणी बंद करून पिशवीत चालतो, काही ठिकाणी हॉलमध्ये आणूच देत नाहीत. वाजला तर डाव गेला. 2003 साली प्लोव्हदिव्हला रुस्लान पोनोमारिओव्हचा डाव असा गेला, आणि तो तेव्हा फिडे विश्वविजेता होता. स्मार्ट घड्याळही काढून ठेवा. उशिरा आल्यास किती मिनिटं मुभा आहे तेही पत्रकातच असतं, आणि अनेकदा मुभा नसतेच.

आणि विचारायला लाजू नका. 1974 साली मॉस्कोत कार्पोव्हविरुद्ध खेळताना कोर्चनॉयसारख्या दिग्गज ग्रँडमास्टरने पंचांना विचारलं होतं की माझ्या हत्तीवर हल्ला आहे, तरी किल्लेकोट करता येतो का. येतो. त्याने केला आणि तो डाव जिंकलाही. कोर्चनॉय विचारू शकतो तर तुम्ही कोण लागून गेलात?

भाषेची काळजी सोडा. फक्त एक पाळा: कुणी नुसता हात पुढे केला तर लगेच मिळवू नका. तो बरोबरी मागतोय, राजीनामा देतोय की तुम्हीच हरलात असं समजतोय, हे आधी कळू द्या. निकाल दोघांच्या कागदावर लिहून दोघांनी सही करायची. चुकीच्या निकालावर सही केलीत तर तोच निकाल राहू शकतो. मी एका मुलाला जिंकलेल्या डावावर हरल्याची सही करताना पाहिलंय, घाईत, आई बाहेर उभी होती म्हणून.

अडीचघर:
नऊच्या नऊ हरण्याबद्दल राहिलंच. पहिल्या स्पर्धेत पूर्ण शून्य आलं तर रेटिंगसाठी ते धरतच नाहीत, पाटी कोरी राहते. रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान 5 डाव लागतात, ते एकाच स्पर्धेत झाले पाहिजेत असंही नाही. आणि गंमत अशी की तुम्ही अनरेटेड आहात तोवर समोरच्याला तुमच्याशी खेळून रेटिंग मिळतही नाही, जातही नाही. तरीही तो घाम गाळत खेळतो, कारण अर्धा गुण गमावला तर बक्षीस जातं. त्याचा चेहरा बघून घाबरू नका, तो स्वतःच्या काळजीत आहे.

मला शेवटी 9 पैकी 2 मिळाले होते. त्यातला एक बाय, म्हणजे समोर कुणी नसल्याने फुकट मिळालेला.

पण मी परत गेले ते त्या 2 साठी नाही. सहाव्या फेरीत एका आजोबांशी हरले. आमची एकही भाषा सामायिक नव्हती. डाव संपल्यावर त्यांनी बोटाने बाहेरच्या टेबलाकडे खूण केली आणि पट मांडला. चौदाव्या चालीची स्थिती लावून त्यांनी माझा घोडा उचलला, d5 वर ठेवला, माझ्याकडे पाहिलं. मी काळ्याचं उत्तर खेळले. त्यांनी मान हलवून घोडा परत मागे घेतला, पुन्हा d5 वर ठेवला. तिसऱ्यांदा मला दिसलं: वजिराला जागाच नव्हती. मी जिंकत होते! ते इतके खुश झाले की जणू त्यांनीच डाव वाचवला नव्हता. पाऊण तास आम्ही एक शब्द न बोलता बसलो. पोस्टमॉर्टेमला कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका, पुढच्या फेरीची कितीही तयारी बाकी असली तरी.

चिवट_राजा:
घोडा d5. नेहमीच घोडा d5.

उशिराचं_प्यादं:
आठ आठवड्यांनी परत आलो. खेळून आलो. अडीच गुण, एक विजय आणि तीन बरोबऱ्या. रेटिंग 1 तारखेच्या यादीत येईल.

समोर 73 नंबर नाही आला, 70 आला. बारा-तेरा वर्षांची मुलगी. एकतिसाव्या चालीला मी हरलो तेव्हा माझ्या घड्याळात 38 मिनिटं होती, तेवढंच समाधान. चिवट_राजांचं खरं निघालं, दोन बरोबऱ्या हत्तीच्या एंडगेममध्ये वाचवल्या. सिसिलियन एकदाही आलं नाही. पेनातली शाई चौथ्या फेरीत संपली, पंचांनी आपलं दिलं.

जिंकलो तो सातव्या फेरीचा डाव सांगायचाय. माझ्याकडे पांढरे. पस्तीस चाली झाल्या होत्या, माझं एक प्यादं वर होतं पण राजा उघडा पडला होता आणि घाबरून मी बरोबरीची वाट बघत होतो. समोरचा बराच वेळ पटाकडे बघत राहिला आणि मग त्याने हात पुढे केला. काहीतरी बोलला, मला एक अक्षर कळलं नाही. मला वाटलं बरोबरी, आणि इतकं हायसं वाटलं की माझा हात अर्ध्यात गेलाही होता. तिथे पंचनामा आठवले. हात मागे घेऊन मी कागदावरच्या निकालाच्या चौकटीवर पेनने दोनदा टकटक केलं. त्याने मान डोलावली आणि स्वतःच्या कागदावर लिहिलं: 1-0.

मी त्याच्या आकड्याकडे बघतच राहिलो. मग त्याने राजे पटाच्या मध्यात ठेवले, सही केली आणि बाहेरच्या टेबलावर येऊन मला दाखवलं की पुढच्या चालीला मी वजीर h7 वर नेला असता तर मात होती.